पेटीची किल्ली कुणाकडे? : खेळाडूंच्या पगारमर्यादेविषयी

मागच्या दोन व्याख्यानांत आपण वाटपाच्या न्यायाविषयी बोललो. रॉल्स झाला, नॉझिक झाला. शेवटी प्रश्नोत्तरांत एका तरुण श्रोत्याने विचारलं, "सर, हे सगळं ठीक आहे. पण आयपीएलच्या लिलावात संघाला ठरलेल्या पर्सच्या वर जाताच येत नाही. हे न्यायाचं आहे की अन्यायाचं?" सभागृहात हशा पिकला. आम्हीही हसलो आणि वेळ संपल्याचं निमित्त करून निसटलो. घरी गेल्यावर लक्षात आलं की प्रश्न हसण्यासारखा नव्हता. आम्ही दोन तास जे बोललो त्याची खरी परीक्षा त्या पोराने एका वाक्यात घेतली होती. म्हणून आजचं व्याख्यान त्या प्रश्नाला दिलेलं आहे.

आधी प्रश्न नीट मांडू. नोव्हेंबर २०२४ मध्ये जेद्दाहला लिलाव झाला. ऋषभ पंतला लखनौने २७ कोटींना घेतलं, श्रेयस अय्यरला पंजाबने पावणेसत्तावीस कोटींना. दुसऱ्या दिवशी घरोघर चर्चा एकच, की एवढे पैसे कशाला? पण त्या श्रोत्याने उलटा प्रश्न विचारला. २७ वरच का थांबले? पंतची किंमत तेवढीच होती म्हणून, की संघाच्या पर्समध्ये तेवढेच होते म्हणून? दहाही संघांना त्या वर्षी प्रत्येकी १२० कोटींची मर्यादा होती, आणि त्यात अख्खा संघ बसवायचा होता. म्हणजे आपण ज्याला बाजारभाव म्हणतो तो मुळात एका भिंतीच्या आतला भाव आहे.

आता मर्यादा म्हणजे काय, तर सगळीकडे ती एकाच जातीची नसते. इंग्लंडच्या फुटबॉलमध्ये १९०१ पासून प्रत्येक खेळाडूच्या पगारालाच मर्यादा होती. आठवड्याला चार पौंड. वाढत वाढत ती १९६१ साली वीस पौंडांवर आली होती. स्टॅन्ली मॅथ्यूजला बघायला लोक लोटायचे, पण त्याला मिळायचे ते इतरांइतकेच. खेळाडूंच्या संघटनेने जिमी हिलच्या नेतृत्वाखाली संपाची तयारी केली आणि जानेवारी १९६१ मध्ये ती मर्यादा गेली. थोड्याच दिवसांत फुलहॅमने जॉनी हेन्सला आठवड्याला शंभर पौंड द्यायला सुरुवात केली. वीसचे शंभर! म्हणजे आदल्या दिवसापर्यंत त्याचे ऐंशी पौंड कुणाच्या तरी खिशात जात होते. हे ऐंशी पौंड लक्षात ठेवा, शेवटी लागणार आहेत.

दुसरी जात म्हणजे संघाच्या एकूण पगारावर मर्यादा. अमेरिकेतल्या बास्केटबॉलमध्ये, एनबीएमध्ये, ती १९८४-८५ च्या हंगामात लागू झाली, संघाला ३६ लाख डॉलर. तिथली मर्यादा लवचिक आहे. काही अपवादांत ती ओलांडता येते, फार ओलांडली तर दंडवजा कर भरावा लागतो. अमेरिकन फुटबॉलमध्ये १९९४ पासून आहे ती कडक मर्यादा. ओलांडायचीच नाही. आणि बेसबॉलमध्ये अशी मर्यादा आजवर आलेली नाही, नुसता कर आहे. आपल्याकडे आयपीएल, महिलांची डब्ल्यूपीएल, प्रो कबड्डी या सगळ्यांत लिलावाची पर्स म्हणजे कडक मर्यादाच.

(जाता जाता गंमत. क्रिकेटमध्ये 'कॅप' शब्दाचा दुसराही अर्थ आहे, देशाची टोपी. त्या हिशेबाने २०२५ च्या हंगामासाठी महेंद्रसिंह धोनी 'अनकॅप्ड' ठरला, कारण पाच वर्षं आंतरराष्ट्रीय सामना न खेळलेला भारतीय खेळाडू तसा धरायचा असा नियम परत आणला गेला. दोन विश्वचषक जिंकून देणारा कर्णधार कागदावर टोपीविना, आणि चार कोटींना. नियम माणसाची व्याख्या कशी बदलतो याचं आणखी चांगलं उदाहरण आम्हाला वर्गात कधी सापडलं नव्हतं.)

मर्यादेच्या बाजूने काय म्हणता येतं? आम्ही सुरुवातीला तिच्या विरोधात होतो, म्हणून तिची बाजू आधी आणि जोरात मांडायला हवी.

पहिला मुद्दा खेळाच्या स्वभावाचा. वॉल्टर नील या अर्थशास्त्रज्ञाने १९६४ मध्ये एक सुंदर निरीक्षण केलं. साबणाच्या कंपनीला वाटतं की प्रतिस्पर्धी बुडावा. पण मुष्टियोद्धा जो लुई याला मॅक्स श्मेलिंग हवाच असतो. समोर तोलाचा माणूस नसेल तर लुईला कुणी बघायला येणार नाही. खेळात प्रतिस्पर्धी हा आपल्या मालाचाच अर्धा भाग असतो. दहा संघांतला एकच इतका श्रीमंत झाला की निकाल आधीच ठाऊक, तर त्या श्रीमंत संघाचंही दुकान बसतं. तेव्हा तोल राखण्यासाठी थोडी बंधनं घालून घेणं यात ढोंग नाही.

दुसरा मुद्दा चढाओढीचा. समजा मर्यादा नाही. एक मालक खेळाडूंवर दुप्पट खर्च करतो. दुसरा घाबरून तिप्पट करतो. शेवटी सगळ्यांचा खर्च तिप्पट आणि विजेता पूर्वीइतकाच, म्हणजे एक. लग्नात शेजाऱ्याने पाचशे पानं वाढली म्हणून आपण कर्ज काढून सहाशे वाढायची, तशातली गत. इंग्लंडमधला बरी हा जुना फुटबॉल क्लब २०१९ मध्ये पैशांच्या ओढाताणीत लीगमधून काढला गेला. अशा वेळी मालक बुडतो त्याचं आम्हाला फार दुःख नाही. पण गावाचा संघ जातो, आणि त्याबरोबर मैदान सांभाळणाऱ्यापासून तिकीटबारीवरच्या माणसापर्यंत सगळ्यांची रोजी जाते. सगळ्यांनी मिळून हात बांधून घेतले तर सगळ्यांचंच भलं, हा हॉब्जच्या काळापासूनचा युक्तिवाद आहे आणि तो पोकळ नाही.

तिसरा मुद्दा आम्हाला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. तो असा की पगारमर्यादा हा बाजारावरचा निर्बंध नाहीच मुळी, तो खेळाचा नियम आहे. कबड्डीत सातच खेळाडू मैदानात का? आठवा बाहेर बसलेला असतो, त्याला खेळायचंही असतं. पण सात हा खेळाचा भाग आहे. तसंच ठरलेल्या पर्समध्ये संघ बांधा, हेही एक कोडं आहे, खेळाच्या अलीकडचा खेळ. ही समजूत किती खोल गेली आहे बघा. ऑस्ट्रेलियात मेलबर्न स्टॉर्म या रग्बी लीग संघाने गुपचूप मर्यादा ओलांडली, तर २०१० मध्ये त्यांची २००७ आणि २००९ ची विजेतेपदं काढून घेतली. इंग्लंडमध्ये रग्बीच्या सॅरासन्स संघाला २०१९ मध्ये पन्नास लाख पौंडांहून जास्त दंड झाला, ३५ गुण कापले आणि शेवटी खालच्या श्रेणीत ढकललं. जास्त पगार देणं ही तिथे लबाडी ठरली, उत्तेजक घेण्यासारखी. कारखान्याने कामगाराला जास्त पगार दिला म्हणून कुणी कारखान्याचं बक्षीस काढून घेत नाही. म्हणजे खेळात काहीतरी वेगळं आहे, हे मान्य करायला हवं.

इथपर्यंत मर्यादेची बाजू भक्कम आहे. आता तपासू.

तोल राखला जातो हे खरं का? पुरावा घोटाळ्याचा आहे. ज्या जर्मन फुटबॉलमध्ये अशी मर्यादा नाही तिथे बायर्न म्युनिकने २०१३ ते २०२३ सलग अकरा विजेतेपदं घेतली. मर्यादावाद्यांना हे उदाहरण आवडतं. पण अमेरिकन बेसबॉलमध्येही मर्यादा नाही, आणि तिथे २००० मध्ये यांकीजने सलग तिसरं विजेतेपद घेतल्यानंतर २०२५ मध्ये डॉजर्सनी लागोपाठ दुसरं घेईपर्यंत कुणालाच लागोपाठ दोनदा जिंकता आलं नाही. उलट कडक मर्यादेच्या अमेरिकन फुटबॉलमध्ये न्यू इंग्लंड पेट्रियट्सनी सहा विजेतेपदं नेली. आपल्याकडे १८ हंगामांत आठ वेगवेगळे संघ जिंकले हे खरं, पण १८ पैकी १० विजेतेपदं मुंबई आणि चेन्नई या दोघांचीच. पैसे सारखे करता येतात. शहाणपण, मैदानं, प्रशिक्षक, नशीब हे सारखं करता येत नाही.

सायमन रॉटनबर्गने १९५६ मध्येच बेसबॉलविषयी याहून बोचरी गोष्ट सांगितली होती. खेळाडूला संघाशी बांधून ठेवा की मोकळा सोडा, चांगला खेळाडू शेवटी जिथे त्याचं मोल सर्वांत जास्त तिथेच पोचतो, असं त्याचं म्हणणं. फरक एवढाच पडतो की बांधलेला असेल तर त्या मोलाचा पैसा मालकाला मिळतो आणि मोकळा असेल तर त्याला स्वतःला. तोल राखतो असं सांगून आणलेल्या नियमाने तोल तितकासा बदलत नाही, पैसा मात्र एका खिशातून दुसऱ्या खिशात जातो. हा संशय एकदा मनात शिरला की जात नाही.

आता आपण नॉझिककडे येऊ. या वादात विचारवंत नेहमी त्याचाच दाखला देतात, आणि आज आम्हाला त्याच्याशी, आणि थोडं स्वतःशीही, भांडायचं आहे.

रॉबर्ट नॉझिकचं 'अनार्की, स्टेट अँड युटोपिया' १९७४ मध्ये आलं. त्यातलं विल्ट चेंबरलेनचं उदाहरण आमच्या विषयातल्या प्रत्येक विद्यार्थ्याने घोकलेलं असतं. चेंबरलेन म्हणजे सात फूट एक इंच उंचीचा बास्केटबॉलपटू. २ मार्च १९६२ रोजी त्याने एका सामन्यात शंभर गुण केले होते. नॉझिक म्हणतो, तुम्हाला जी न्याय्य वाटते ती संपत्तीची वाटणी घ्या. मग चेंबरलेन संघाशी करार करतो की प्रत्येक तिकिटातले पंचवीस सेंट माझे. प्रेक्षक आनंदाने ते पंचवीस सेंट त्याच्या नावाच्या वेगळ्या पेटीत टाकतात. हंगामात दहा लाख लोक आले. त्याच्याकडे अडीच लाख डॉलर जमले. पहिली वाटणी न्याय्य, प्रत्येकाने आपल्या मर्जीने दिलं, मग दुसरी वाटणी अन्याय्य कशी? आणि पहिली वाटणी टिकवायची तर लोकांच्या रोजच्या व्यवहारात सतत हात घालावा लागेल.

यावर जी. ए. कोहेनने १९७७ मध्ये उत्तर दिलं. त्याचा मुद्दा असा, की पेटीत नाणं टाकणारा फक्त नाणं देत नाही. तो एका माणसाच्या हाती सत्ता देतो, आणि त्या सत्तेचा परिणाम जे सामन्याला आलेच नाहीत त्यांच्यावरही होतो. उत्तर चांगलं आहे. आम्ही वर्षानुवर्षं एका तासाला नॉझिक आणि पुढच्या तासाला कोहेन असा जोडा शिकवला.

पण त्या सगळ्या वर्षांत एक साधा प्रश्न आम्ही विचारला नाही. १९७४ मध्ये, हे पुस्तक छापून येत होतं तेव्हा, खरा चेंबरलेन कुठे होता?

तो सॅन डिएगोत होता, आणि त्याला खेळायला बंदी होती. १९७३ मध्ये त्याने लॉस एंजेलिस लेकर्स सोडून प्रतिस्पर्धी लीगमधल्या सॅन डिएगोच्या संघाशी करार केला. खेळाडू आणि प्रशिक्षक अशा दुहेरी कामाचे वर्षाला सुमारे सहा लाख डॉलर. लेकर्सनी दावा लावला की आमच्या करारातल्या कलमाप्रमाणे तो अजून एक हंगाम आमचा आहे. बंदी आली. जगातला सर्वांत प्रसिद्ध बास्केटबॉलपटू बाकाजवळ उभा राहून प्रशिक्षण देत राहिला, मैदानात पाऊल टाकू शकला नाही. पुढे तो व्यावसायिक सामना खेळलाच नाही. तत्त्वज्ञानातला चेंबरलेन स्वातंत्र्याचा नायक होत होता, त्याच सुमारास हाडामासाचा चेंबरलेन 'तू अजून आमचाच आहेस' हे ऐकत होता.

नॉझिकला हे ठाऊक नसेल असं नाही. पुस्तक पुन्हा उघडून बघा. उदाहरण सांगताना कंसात त्याने एक छोटं वाक्य टाकलं आहे, की करार एकेका वर्षाचे आहेत आणि खेळाडू मोकळे आहेत असं समजा. समजा! आम्ही ते वाक्य पन्नासदा वाचलं असेल आणि पन्नासदा ओलांडून गेलो. कंसात आहे, म्हणजे महत्त्वाचं नसणार, ही आमची वाईट सवय. वस्तुतः सगळ्या युक्तिवादाचा भार त्या कंसावर आहे. कारण खेळाडू मोकळा नसेल तर प्रेक्षकाने मर्जीने टाकलेलं नाणं त्याच्यापर्यंत पोचेल की नाही हे प्रेक्षकही ठरवत नाही, खेळाडूही ठरवत नाही. पेटीवर नाव चेंबरलेनचं, किल्ली दुसऱ्याकडे.

ते मोकळेपण खेळाडूंनी नंतर भांडून मिळवलं, कुणी 'समजा' म्हणाल्याने ते आलं नाही. बेसबॉलपटू कर्ट फ्लडने १९६९ मध्ये आपल्याला न विचारता केलेली बदली नाकारली. सर्वोच्च न्यायालयात तो १९७२ मध्ये हरला. त्याची कारकीर्द संपली, फायदा पुढच्यांना झाला. बास्केटबॉलमध्ये ऑस्कर रॉबर्टसनने खेळाडूंच्या संघटनेतर्फे १९७० मध्ये दावा लावला, तो १९७६ मध्ये तडजोडीने मिटला आणि तिथून खेळाडू हळूहळू मोकळे होऊ लागले. एनबीएची पगारमर्यादा त्यानंतर आली, हा क्रम फार महत्त्वाचा आहे. आधी मोकळेपण, मग मर्यादा. आणि मर्यादा मान्य करताना खेळाडूंनी बदल्यात काय घेतलं? लीगच्या उत्पन्नातला ठरलेला हिस्सा, सुरुवातीला ५३ टक्के. आजही तो निम्म्याच्या आसपास आहे. तिथे मर्यादा हा दोन बाजूंनी सही केलेला करार आहे. उत्पन्न वाढलं की मर्यादा आपोआप वर जाते. ३६ लाख डॉलरची ती मर्यादा २०२४-२५ मध्ये चौदा कोटींच्या वर गेली.

सही नाही म्हणायचाही हक्क तिथे खरा आहे. १९९४ मध्ये बेसबॉलच्या मालकांनी मर्यादा लादायचं ठरवलं तेव्हा खेळाडू संपावर गेले. त्या वर्षीची वर्ल्ड सीरिजच झाली नाही. आइस हॉकीत २००४-०५ चा अख्खा हंगाम बुडाला आणि शेवटी खेळाडूंना मर्यादा मान्य करावी लागली. एकीकडे जिंकले, दुसरीकडे हरले. पण दोन्हीकडे ते टेबलाशी बसलेले होते.

आता आपल्या अंगणात या.

आयपीएलची पर्स कोण ठरवतं? बीसीसीआय आणि तिची लीगची समिती. मालकांचं म्हणणं ऐकलं जातं. खेळाडूंचं? आपल्याकडे २०१९ मध्ये क्रिकेटपटूंची संघटना स्थापन झाली, चांगलं झालं, पण ती निवृत्त खेळाडूंची. आज खेळणाऱ्यांची संघटना नाही. म्हणजे ज्याच्या श्रमाची किंमत ठरते आहे तोच खोलीत नाही.

आकडे बघू. २०२३ ते २०२७ या पाच वर्षांचे आयपीएलचे प्रक्षेपण हक्क ४८,३९० कोटींना विकले गेले. म्हणजे वर्षाला सरासरी ९,६७८ कोटी. २०२५ साठी दहा संघांच्या लिलावाच्या पर्स मिळून होतात १,२०० कोटी. सामन्यागणिक साडेसात लाखांचं मानधन आणि कामगिरीचे पैसे धरून प्रत्येक संघाची एकूण मर्यादा १४६ कोटी सांगितली गेली, म्हणजे दहांचे १,४६० कोटी. नुसत्या प्रक्षेपणाच्या पैशाशी ताडून पाहिलं तर हे प्रमाण पंधरा टक्क्यांच्या आसपास येतं. तिकिटं, जाहिराती, जर्सीवरची नावं यांतलं उत्पन्न अजून धरलेलंच नाही. आता अमेरिकेतला निम्मा हिस्सा आठवा. कुणी म्हणेल, बीसीसीआय त्या पैशातून देशभरचं क्रिकेट चालवतं, रणजी, मुलींचे सामने, मैदानं. खरं आहे, आणि हा फरक मोजलाच पाहिजे. पण सगळा पैसा तिकडे जात नाही. मोठा वाटा संघमालकांकडे जातो. २०२१ मध्ये लखनौचा संघ ७,०९० कोटींना गेला. जाणत्या माणसाने एवढी रक्कम लावली, कारण त्या धंद्यातला सर्वांत मोठा खर्च, खेळाडूंचा पगार, नियमाने बांधलेला आहे हे त्याला दिसत होतं.

डब्ल्यूपीएलचं गणित याच्याशी ताडून बघण्यासारखं आहे. पहिल्या पाच वर्षांचे प्रक्षेपण हक्क ९५१ कोटी, म्हणजे वर्षाला सुमारे १९० कोटी. २०२३ मध्ये पाच संघांना प्रत्येकी १२ कोटींची पर्स, म्हणजे ६० कोटी. हे प्रमाण तीस टक्क्यांवर जातं. सांगलीच्या स्मृती मानधनाला त्या लिलावात ३ कोटी ४० लाख मिळाले, सर्वांत जास्त. पुरुषांच्या मानाने रक्कम छोटी, पण प्रक्षेपणाच्या उत्पन्नातला हिस्सा दुप्पट. मग पंधरा टक्के हा आकडा कुठल्या तत्त्वावरून आला? कुठल्याच नाही. तो कुणीतरी ठरवला आणि दुसऱ्या कुणी विचारला नाही, इतकंच.

याहून बोलका नियम अलीकडचा आहे. छोट्या लिलावात परदेशी खेळाडूवर बोली कितीही चढो, त्याला मिळणार जास्तीत जास्त १८ कोटी. वरचे पैसे बीसीसीआयकडे, खेळाडूंच्या कल्याणासाठी. डिसेंबर २०२५ मध्ये कोलकात्याने कॅमेरून ग्रीनसाठी २५ कोटी २० लाखांची बोली लावली. त्याच्या वाट्याला १८. कारण सांगितलं जातं ते अगदीच चुकीचं नाही. काही परदेशी खेळाडू मोठा लिलाव मुद्दाम टाळून छोट्या लिलावात टंचाईचा फायदा घेत होते. पण बघा, हे किती जुनं आहे! जॉनी हेन्सचे ऐंशी पौंड आठवले का? फरक एवढाच की तेव्हा ते ऐंशी पौंड दिसत नव्हते, आणि आता सात कोटी २० लाख आपल्या डोळ्यांदेखत टीव्हीवर वळते होतात. नॉझिकच्या पेटीचं इतकं स्वच्छ चित्र दुसरं नाही.

मर्यादेचा आणखी एक परिणाम कबड्डीत उघड दिसतो. प्रो कबड्डीच्या दहाव्या हंगामात संघाची पर्स ५ कोटी होती. तेलुगू टायटन्सनी त्यातले २ कोटी ६० लाख ५० हजार एकट्या पवन सेहरावतवर लावले. निम्म्याहून जास्त. उरलेल्या पैशात बाकी सगळा संघ. तो संघ तळाशी राहिला. त्याच लिलावात पुणेरी पलटणने इराणच्या मोहम्मदरेझा शादलूला २ कोटी ३५ लाखांना घेतलं, आणि पलटण जिंकली. कारण त्यांच्याकडे अस्लम इनामदारसारखी, लिलावात न जाता संघानेच राखलेली तरुण मुलं होती. पलटणच्या हुशारीचं कौतुकच आहे. पण तत्त्वाच्या नजरेने बघा. एकूण रक्कम बांधलेली असली की एकाचा वाढलेला पगार दुसऱ्याच्या ताटातून येतो. राखलेल्या पोरांचं बाजारातलं मोल त्या वर्षी कुणी विचारलंच नाही. भांडण तारा आणि पोरगा यांच्यात लागतं, आणि मालक पंचासारखा बाजूला उभा राहतो. लिलावात मोकळं सुटलं की काय होतं हे चंदगडच्या सिद्धार्थ देसाईने दाखवलं होतं. २०१८ मध्ये ३६ लाख ४० हजार, पुढच्याच वर्षी १ कोटी ४५ लाख. दोन्ही वर्षी पर्सला मर्यादा होतीच. म्हणजे खेळाडूला मर्यादेपेक्षा जास्त अडवतं ते बांधलेपण.

आता तुमच्या मनातला आक्षेप. अहो, वर्षाला २७ कोटी मिळवणाऱ्या माणसासाठी कुठे अश्रू ढाळता? बरोबर आहे, ढाळत नाही. रॉल्स म्हणाला असता की उंची किंवा मनगट ही निसर्गाची लॉटरी आहे, तिच्यावर अमर्याद हक्क सांगू नका. आम्हाला ते पटतं. पण पंतचे पैसे कमी केल्याने ते आपोआप गरिबाकडे जात नाहीत. शाळेच्या मैदानाकडे जात नाहीत. ते मालकाकडे राहतात, जो पंतपेक्षा कैक पटींनी श्रीमंत आहे. समतेसाठी कर लावा, आम्ही पहिली सही करू. मर्यादेला समतेचं नाव देऊ नका. शिवाय पंत हे टोक झालं. खेळाडूची कमाईची वर्षं आठ-दहा, कबड्डीत गुडघा गेला की त्याहून कमी. पर्सच्या तळाशी बसलेल्या मुलासाठी एकूण हिस्सा पंधरा टक्के की तीस, हा घर बांधून होण्या-न होण्याचा प्रश्न आहे.

मग त्या श्रोत्याला आमचं उत्तर काय? पगारमर्यादा मुळातच अन्यायाची आहे, असं आम्ही म्हणत नाही. नॉझिकचा चेला म्हणेल. पण चेंबरलेन एकटा मैदानात उभा राहिला असता तर पेटीत एकही नाणं पडलं नसतं. खेळ हे मुळातच सगळ्यांनी मिळून मान्य केलेलं बंधन आहे. चेंबरलेनला आवरायला १९६४ मध्ये एनबीएने टोपलीखालची पट्टी बारा फुटांवरून सोळा फूट केली, तेव्हा त्याच्या स्वातंत्र्यावर घाला पडला असं कुणी म्हणालं नाही.

तरीही मर्यादेला खेळाचा नियम म्हणायचं असेल तर तिने नियमाच्या अटी पाळाव्यात. आम्हाला तीन दिसतात. एक, ज्यांच्यावर ती लागू आहे त्यांनी ती संघटितपणे मान्य केलेली असावी. दोन, ती उत्पन्नाशी बांधलेली असावी, म्हणजे खेळ वाढला की खेळाडूही वाढेल. तीन, वाचलेला पैसा कुठे जातो हे सर्वांना दिसावं. आयपीएल पहिली अट पाळत नाही. दुसरी पाळत नाही; पर्स वाढते, पण कुणाच्या तरी मर्जीने. तिसरीतलं थोडंफार पाळते. तेव्हा पर्सच्या भिंतीला आज आम्ही न्याय्य म्हणू शकत नाही. भिंत आहे म्हणून नव्हे. ती बांधताना आत राहणाऱ्यांना विचारलं नाही म्हणून.

आणि ज्या विद्यार्थ्यांना आम्ही चेंबरलेन शिकवला, त्यांपैकी कुणी हे ऐकत असेल तर त्यांच्याशी दोन शब्द. ते उदाहरण आम्ही तुम्हाला अर्धंच शिकवलं. पेटी दाखवली, किल्लीविषयी बोललो नाही. पुस्तक घरी असेल तर काढा आणि तो कंस पुन्हा वाचा.

प्रश्न असतील तर विचारा. आज वेळ संपल्याचं निमित्त आम्ही सांगणार नाही.